सुतळी

औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्या कोटात राहिली,
आणि कोट उट्रेख्तला, दारामागच्या खुंटीवर.
दुसरी करून घेऊ, करून घेऊ म्हणत
दोन वर्षं गेली होती.

इथे की तिथे,
हे मला दर वाक्याला तपासावं लागतं.
आत्ता इथे म्हणजे येरमटोला.
मोह पडायला लागलाय, बाया पहाटेच टोपल्या घेऊन गेल्यात,
नऊपर्यंत दवाखान्यात कुणी फिरकणार नाही.

उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार.
तिकडची घड्याळं ऑक्टोबरात एका रात्रीत मागे सरकतात
हे फुलवंता कुमरेला सांगितलं,
तर रजिस्टर मिटून म्हणाली,
"सरकारनं म्हटलं का वेळ बी मागं जाते?
मंग आमच्या सरकारले सांगा ना बाई,
आपला रस्ता तरी तारखेत बसन."

पहाटे साडेपाचला मी तिकडे स्वयंपाकघरात बसते,
पायाशी हीटर, कानात इथला कोंबडा.
किती कार्डं वाटली, किती लाल, किती पिवळी.
पिवळं म्हणजे दोष एकाच बाजूनं आलेला,
आईकडून नाहीतर बापाकडून.
माणूस रोवणीला जातो, लग्न करतो, नाचतो,
आत अर्धं काहीतरी घेऊन.
लाल म्हणजे दोन्हीकडून.

दोन देशांत राहणाऱ्या बाईला कोणतं कार्ड द्यावं,
असं मी एकदा तिकडच्या देणगीदारांसमोर म्हटलं होतं.
टाळ्या पडल्या. पैसेही आले.
परत कधी म्हटलं नाही.
माझी हाडं रात्री दुखत नाहीत.

रमशीला उईकेची दुखतात.
अकरा वर्षांची. लाल कार्ड.
जानेवारीतल्या त्या रात्री तिला बापानं सायकलवर आणलं,
पोत्यात गुंडाळून, कारण घोंगडी एकच
आणि ती धाकट्याच्या अंगावर.
इथे मध्यरात्र, तिथे साडेसात.
माझा मुलगा शाळेच्या नाटकात झाड झाला होता.
दोन्ही हात वर धरून चाळीस मिनिटं उभा.
मी त्याच्याकडे बघत होते. फोन मुका.

अकरा मिस्ड कॉल.
रात्री दीडला दिसले.
इथे तोवर उजाडायला आलं होतं.
मी लावला तर फुलवंता चहा पीत होती.
"झोपली पोरगी आता," म्हणाली. "सलाईन सुरू हाय."
मग जरा थांबून,
"कुलूप फोडलं, बाई."
घरून वरवंटा आणला होता तिनं.
दोन घावांत.
मी म्हटलं, बरं केलंस.
आणि फोन ठेवल्यावर, खोटं कशाला सांगू,
आधी मनात आलं ते ऑडिटचं.

आता मार्च. मी आलेय, किल्लीही आणलीय.
कपाटाच्या कड्यांत सुतळी.
नवीन कुलूप का नाही घेतलं? पैसे तर होते.
"कायले? चोर काय गोळ्या खाते?"
किल्ली तिच्यापुढे धरली.
तिनं उलटीपालटी करून पाहिली, परत दिली.
"ठेवा तुमच्यापाशीच.
तिकडं काही उघडलं तर उघडन."

तिकडे पाठवायच्या फॉर्मात एक रकाना आहे,
औषधसाठ्याची सुरक्षा.
तो सोडून बाकीचे भरून झालेत.

रमशीला शाळेच्या आधी येते.
दप्तर पायरीवर टाकते,
फुलवंताकडे बघते, ती मान हलवते,
मग सुतळी सोडते, आपल्या नावाचा डबा काढते,
एक कॅप्सूल, वर लोटाभर पाणी. जास्त पाणी प्यायचं,
हे तिला मी शिकवलेलं नाही.
परत बांधते ती गाठ ढिली बसते.
"नीट बांध वं," फुलवंता आतूनच ओरडते,
आणि पोरगी पुन्हा सोडते,
दातांत एक टोक धरून
पुन्हा बांधते.